नावावरची काळी पट्टी

आपल्या व्यवसायात एक विनोद वर्षानुवर्षे चालत आलाय: कॅमेऱ्याच्या नावावर काळी टेप लावली की कॅमेऱ्याची किंमत वाढते. साध्या कॅमेऱ्याचे नाव झाकलेले दिसले की बघणाऱ्याला वाटते, आत काहीतरी भारी दडवलेय. महागड्याचे झाकलेले असले की जाणकार समजतो, हा मुरलेला गडी आहे. हा विनोद मला आवडतो, कारण त्यात आपल्या धंद्याचे दुखणे आहे. मनमाडच्या लग्नात नवरदेवाचा मामा आधी गळ्यातल्या पट्ट्यावरचे नाव वाचतो, मग विचारतो, “भाऊ, फुलफ्रेम आहे ना?” काढलेले फोटो बघायला तो मागत नाही. म्हणून लग्नसराईची कमाई नव्या बॉडीच्या हप्त्यांत जाते आणि दिवे, लेन्स, बॅटऱ्या जुन्याच राहतात.

फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या टेपने झाकत असे. रस्त्यावरच्या माणसाचे लक्ष कॅमेऱ्याकडे जाऊ नये, एवढाच हेतू. पुढे लायकाचा लाल ठिपका झाकायची रीत पडली आणि २०१४ मध्ये कंपनीनेच बिनठिपक्याचे एम-पी काढले. त्यात इतरही सुधारणा होत्या, पण ते साध्या एमपेक्षा महाग होते. लपवणेसुद्धा मिरवण्याची गोष्ट झाली.

आपल्या नाशिक जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. भांडवल हवे होते तेव्हा त्यांनी यंत्राचे नाव पुढे केले नाही. वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून त्यांनी छोटी फिल्म केली, ती दाखवली आणि पैसा उभा राहिला. गिऱ्हाइकाला पटवण्याची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

आता खुद्द टेपविषयी. हा विषय थट्टेवारी नेला जातो, पण बॅगेत टेपचे रीळ नसलेला माणूस मला अर्धवट तयारीचा वाटतो. अपोलो १७ चे अंतराळवीर १९७२ मध्ये हॅसलब्लाड घेऊन चंद्रावर उतरले, तेव्हा चांद्रगाडीचा मोडका मडगार्ड त्यांनी नकाशे आणि टेप वापरूनच बसवला. आपल्याला लागते ती कापडी, बिनचकाकीची गॅफर टेप: हाताने फाटते आणि निघताना सहसा गम सोडत नाही. वायरमनची इन्सुलेशन टेप मनमाडच्या मे महिन्यात पाघळते आणि तिचा गम बॉडीवर चिकटून बसतो. पण गॅफरही उन्हात महिनोन्‌महिने राहू देऊ नका. काम झाले की काढा.

अनकाई-टनकाई किल्ल्यांवर ताऱ्यांचे फोटो काढताना फोकस एकदा साधला की रिंगवर टेप लावा, अंधारात हात लागून ती सरकणार नाही. डीएसएलआरवर दीर्घ एक्स्पोजर घेत असाल तर नेत्रिका झाका, मागून शिरणारा उजेड मोजमाप बिघडवतो. जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या दाराचा फोम झिजला असेल तर दाराच्या फटीवर पट्टी लावल्याने रोल वाचतो. गुरुद्वाऱ्यात कीर्तन चालू असताना ट्रिगरचा लुकलुकणारा दिवाही झाकलेला बरा. मात्र लेन्स-माउंट, फ्लॅशचे संपर्कबिंदू आणि हवेच्या फटी यांवर टेप कधीच नको. रबरी पकडीवरही नको. काढताना रबर सोबत येते.

मनमाडला रेल्वेचा अभियांत्रिकी कारखाना आहे, तिथे पुलांचे गर्डर तयार होतात. पूल ओलांडणाऱ्याला गर्डर कोणी घडवला ते कळत नाही. छायाचित्राच्या बाबतीत मात्र हे मला मान्य नाही. छायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो पतीच्या नावाने छापले गेले. आजही गावोगावचे फोटो नावाशिवाय छापले जातात, आणि त्याच वेळी आपल्या गळ्यातला पट्टा कंपनीची फुकट जाहिरात करत असतो.

म्हणून या अंकापासून आपण छायाचित्राखाली कॅमेऱ्याच्या कंपनीचे नाव छापणे थांबवत आहोत. छिद्रमान, शटरवेग, आयएसओ, लेन्सची लांबी, उजेड कुठून होता हे सारे छापू, कारण शिकणाऱ्याला ते उपयोगी पडते. त्याच्या वर, ठळक अक्षरांत, काढणाऱ्याचे नाव आणि गाव. फोटो पाठवताना ही माहिती सोबत लिहा. मदतनीसाने दिवा धरला असेल तर त्याचेही नाव कळवा.