जाळीच्या कपाटातील पुस्तके

कल्याण-डोंबिवलीतील जुन्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होतात, तेव्हा फ्रीज येण्यापूर्वीचे दूधदुभत्याचे जाळीचे कपाट एकतर भंगारात जाते, नाहीतर पॉलिश होऊन दिवाणखान्यात शोभेपुरते उभे राहते. आमच्या मते दोन्हींचा अर्थ एकच: कपाट निकामी झाले. त्यापेक्षा त्यात पुस्तके ठेवावीत. दह्यादुधाला वारा लागावा म्हणून बसवलेली जाळी येथील दमट पावसाळ्यात पुस्तकांनाही हवा देते. जाळी काढून काच बसवली, की त्या कपाटाचा गुणच हरपतो.

मराठी साहित्याला ही रीत नवी नाही. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त (११२९) आहे. तीच ओवी ज्ञानदेवांनी १२९० मध्ये गीतेच्या भाष्यासाठी योजिली. काम पालटले, बोलीशी असलेली तिची जवळीक मात्र त्यांनी राखली, म्हणूनच ती तत्त्वज्ञानाचा भार पेलू शकली.

घरातल्या जुन्या वस्तूला हाच न्याय लावावा. सुतारास एवढेच सांगावे: कुजलेली फळी बदल, जाळीला हात लावू नकोस.