एकतिसावी मेंढी

अतिवृष्टीत किंवा पुरात जनावरे दगावली की सरकार मदत जाहीर करते, आणि पुण्यासारख्या शहरात लगेच कुरकुर सुरू होते: करदात्याच्या पैशातून ही खिरापत कुठवर वाटायची? कुरकुर करणाऱ्यांनी दरपत्रक बहुधा पाहिलेले नसते. केंद्राच्या 2022-26 च्या निकषांनुसार दुभत्या गायी-म्हशीला 37,500, बैलाला 32,000, शेळी-मेंढीला 4,000 आणि कोंबडीला 100 रुपये मिळतात. तेही मोजून-मापून, एका कुटुंबाला तीन मोठी दुभती जनावरे किंवा तीस शेळ्या-मेंढ्या, एवढ्यापुरतेच. चांगली दुभती म्हैस आज लाखाच्या घरात जाते. साडेसदतीस हजारांच्या आशेने कोणी ती पुरात सोडून देईल, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा जनावरांच्या बाजारात चक्कर मारावी. या मदतीचा खरा दोष सढळपणाचा नाहीच. ती गोठ्यातले जनावर डोळ्यांसमोर ठेवून बेतली आहे, रानात फिरणारा कळप तिच्या हिशेबातच नाही.

डिसेंबर 2021 च्या पहिल्या दोन दिवसांत जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर आणि शेजारच्या पारनेर, संगमनेर भागांत अवकाळी पाऊस कोसळला, वर बोचरा वारा. रात्रभर भिजलेल्या मेंढ्या गारठून मेल्या. नुसत्या पुणे जिल्ह्यातला आकडा हजारावर गेला. दर तेव्हा मेंढीमागे 3,000 रुपये होता आणि मर्यादा तीसच. म्हणजे एका मेंढपाळाच्या शंभर मेंढ्या गेल्या, तरी कागदोपत्री मदत 90,000 वर थांबणार आणि सत्तर मेंढ्या जणू मेल्याच नाहीत. यावर कोणी विचारतो, थंडीपावसात कळप उघड्यावर ठेवायचाच कशाला? उत्तर त्याच शिवारात आहे. लेंडीखतासाठी शेतकरीच धान्य किंवा पैसे देऊन मेंढ्या रानात बसवून घेतो. त्या खतावर कांदा पोसतो आणि तो कांदा पुणेकराच्या ताटात येतो. मेंढपाळाच्या उघड्यावरच्या रात्रीचा नफा अनेकांच्या पदरात पडतो. जोखीम मात्र त्याची एकट्याची.

विम्याचा पर्याय सुचवणारे अधिक गंभीर आहेत. पशुधन विम्यात पशुपालकाचा हिस्सा 2024 मध्ये हप्त्याच्या 15 टक्क्यांवर आणला गेला, हे चांगलेच झाले. पण विम्याला प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला लागतो, दावा करताना तो दाखवावा लागतो, आणि मेंढपाळाचा वाडा, म्हणजे त्याचा फिरता तळ, तर आज या गावात, उद्या त्या गावात. विमा वाढावा, तो घराघरांत पोचेपर्यंत मदत आखडती घ्या, हे म्हणणे मात्र पटणारे नाही. बोगस पंचनाम्यांची भीती खोटी नाही, पण त्यासाठीच तर तलाठ्याचा पंचनामा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचे शवविच्छेदन असते. लबाडी रोखायची तर तपासणी कडक करावी. तीसची मर्यादा लबाडाला अडवत नाही, कारण तो खोट्या मेंढ्या तीसच दाखवील. ती अडवते ज्याच्या खरोखर शंभर मेल्या त्याला.

बाजाराचे गुणगान करणाऱ्या अमेरिकेतही पशुधन नुकसानभरपाईची कायमस्वरूपी योजना आहे आणि ती सरासरी बाजारभावाच्या 75 टक्के रक्कम देते. आपल्याकडेही मर्यादा म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. 7 ऑक्टोबर 2025 रोजी अतिवृष्टीग्रस्तांसाठी 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर करताना राज्य सरकारने तीन जनावरांची अट काढून टाकली. मग जे एका हंगामापुरते जमले, ते नियम म्हणून का जमू नये? मेंढपाळाने प्रत्येक अवकाळीनंतर नव्या पॅकेजची वाट का पाहावी? राज्याने स्वतःच्या तिजोरीतून वरचा भार उचलून शेळ्या-मेंढ्यांवरची तीसची मर्यादा कायमची उठवावी, दर बाजारभावाशी जोडावा आणि कळप जिथे दगावला त्याच तालुक्यात पंचनाम्यापासून पैसे खात्यात जमा होईपर्यंतचे काम पुरे करावे. पशुसंवर्धन आयुक्तालय पुण्यातच, औंधला आहे. तसा प्रस्ताव तिथूनच मंत्रालयात जायला हवा.