पडदे चार, पण साक्षीदार किती?

गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’ या सुमारे १७ मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेतून भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ साली पृथ्वीप्रदक्षिणा केली, हे तुम्ही वाचले असेलच. समजा, अशीच एक नवी नौका बांधली जात आहे. तिच्यावर मार्ग दाखविणारी कोणती उपकरणे बसवावीत आणि ती एकमेकांना कशी जोडावीत, हे ठरविण्याचे काम तुमच्याकडे आले, तर तुम्ही काय कराल?

उपकरणांची यादी सोपी आहे. जी.पी.एस. नौकेचे स्थान सांगते, होकायंत्र तिचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते सांगते. वेगमापक पाण्यातील वेग मोजतो, तर खोलीमापक प्रतिध्वनीवरून पाण्याची खोली काढतो. पूर्वी प्रत्येकाची तबकडी वेगळी असे. आता ही सर्व उपकरणे एकाच केबलला जोडतात. ‘एन.एम.ई.ए. २०००’ या प्रचलित पद्धतीत नौकेच्या लांबीभर एक मुख्य केबल टाकतात. प्रत्येक उपकरणासाठी तिला फांदी काढतात. ही फांदी ६ मीटरपेक्षा लांब असू नये. मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक लावावयाचा असतो.

हे रोधक कशासाठी? दोरीचे एक टोक भिंतीला बांधा आणि दुसऱ्या टोकाला झटका द्या. लाट भिंतीपर्यंत जाऊन परत येते. केबलमधील विद्युत् संदेशही मोकळ्या टोकावरून असाच परततो आणि मूळ संदेशात मिसळून घोटाळा करतो. रोधक त्याची ऊर्जा शोषून घेतो. जोडणी झाल्यावर वीज बंद करून दोन संदेशतारांमधील रोध मोजावा. १२० ओहमचे दोन रोधक समांतर म्हणजे ६० ओहम. मापकाने १२० दाखविले, तर एका टोकाचा रोधक राहिला, असे समजावे!

येथपर्यंतची योजना कोणीही चांगला तंत्रज्ञ करील. माझा आक्षेप आहे तो योजना येथेच थांबविण्याला. मग सुकाणूजवळ एक पडदा, नकाशाच्या टेबलावर एक, बिछान्याजवळ एक आणि शिवाय खिशातल्या फोनवर एक, अशी पडद्यांची संख्या वाढत जाते. चारही ठिकाणी तेच स्थान दिसते आणि मनाला धीर येतो. पण हा धीर खरा आहे का? वर्गातील चार मुलांनी एकाच वहीतून गणित उतरविले, तर चौघांचे उत्तर जुळते. त्यावरून ते बरोबर ठरत नाही. चार पडद्यांना आकडे पुरविणारी अँटेना एकच असेल, तर साक्षीदारही एकच. आणि केबलमधूनच उपकरणांना वीज मिळत असल्याने तिच्यात एके ठिकाणी बिघाड झाला, तर चारही पडदे एकदम मुके होऊ शकतात.

याउलट दोन स्वतंत्र साक्षीदारांचे जुळले नाही, तरी त्यातून ज्ञान मिळते. वेगमापक ६ नॉट सांगतो, जी.पी.एस. मात्र ४ नॉट. दिशा दोन्हींची एकच आहे. यात खोटे कोण? बहुधा कोणीच नाही! वेगमापक पाण्याच्या सापेक्ष वेग मोजतो, तर जी.पी.एस. जमिनीच्या सापेक्ष. तेव्हा समोरून २ नॉटचा प्रवाह येत आहे. तुमच्या पुस्तकातील सापेक्ष वेगाचे उदाहरण ते हेच.

तरीही एक गोष्ट उरतेच. स्थान अचूक असूनही नौका बुडू शकते. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी व्होल्वो ओशन शर्यतीतील ‘टीम वेस्टास विंड’ ही नवी नौका केपटाउनहून अबू धाबीकडे जाताना, मॉरिशसच्या ईशान्येस असलेल्या कार्गादोस काराहोस या प्रवाळखडकांवर काळोखात आदळली. वेग होता सुमारे १९ नॉट, म्हणजे ताशी ३५ किलोमीटर. नौकेवरील नऊही जण बचावले, हे केवळ सुदैव. खडक काही नवे नव्हते. मार्च २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालात दोन कारणे दिली आहेत : इलेक्ट्रॉनिक नकाशांचा सदोष वापर, आणि नकाशा लहान प्रमाणावर पाहिला असता धोक्याची जागा नीट न दाखविणारी त्याची रचना. नकाशा मोठा करून पाहिला असता, तर खडक दिसले असते.

तुम्ही म्हणाल, मग ही यंत्रे नकोतच का? गोल्डन ग्लोब शर्यतीत जी.पी.एस.ला बंदी असते. सेक्स्टंट आणि कागदी नकाशा यांवरच भागवावे लागते. २०२२ साली सुरू झालेल्या या शर्यतीत आपले अभिलाष टॉमी दुसरे आले. जुनी साधने निकामी झालेली नाहीत, एवढे यावरून दिसते. परंतु धुक्याच्या रात्री जी.पी.एस. हे वरदानच आहे. ते टाकून देणे हा शहाणपणा नव्हे.

म्हणून माझ्या मते योजनेच्या कागदावर चार गोष्टी आधी लिहाव्यात. विजेवाचून चालणारे चुंबकीय होकायंत्र, तेही लाऊडस्पीकर आणि विजेच्या तारांपासून दूर. केबलला न जोडलेला व स्वतःच्या बॅटरीवर चालणारा दुसरा जी.पी.एस. कागदी नकाशा, आणि त्यावर ठराविक वेळाने पेन्सिलीने केलेली स्थानाची खूण. चौथी गोष्ट म्हणजे एक माणूस, ज्याने निघण्यापूर्वी सबंध मार्ग मोठ्या प्रमाणावर इंच इंच तपासला आहे. हे झाल्यावर हवे तितके पडदे लावावेत.

पुढच्या वेळी प्रयोगशाळेत तुमचे उत्तर शेजाऱ्याच्या उत्तराशी जुळले, की आनंद करण्यापूर्वी एवढेच पाहा : दोघांनी मापन वेगवेगळे केले होते, की वही एकच होती?