स्ट्रॉबेरीचं कूलिंग सेंटर: सात रुपये किलो की चौदा?

महाबळेश्वर, जावळी, वाई पट्ट्यात हंगाम तोंडावर आला की एक चर्चा हमखास निघते. गटानं मिळून पॅकहाऊस आणि प्री-कूलिंग उभं करायचं का?

गरज खरीच आहे. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही, नुसती उतरत जाते. तोडणीनंतर तास-दोन तासांत फळातली उष्णता काढून ते शून्य ते दोन अंशांवर आणलं तर चार दिवस जास्त टिकतं. आपल्याकडे मात्र सकाळी तोडलेला माल गाडी येईपर्यंत शेडमध्येच पडून असतो. वाशीला पोचेस्तोवर पनेटच्या तळातली फळं पाणी सोडतात आणि दर पडतो.

आता हिशोब. आकडे समजुतीपुरते धरलेत. प्रकल्प 60 लाखांचा, त्यात 20 लाख सभासदांचे, 40 लाख कर्ज. कृषी पायाभूत सुविधा निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जाला सात वर्षं व्याजात 3 टक्के सूट मिळते. बँकेचा दर 9 टक्के असेल तर सूट धरून वर्षाचा हप्ता साधारण सात लाख. वीज, मजुरी, दुरुस्ती दहा लाख. झाले सतरा. हंगामात 120 दिवस रोज दोन टन माल आला तर किलोला सात रुपये पडतात. एकच टन आला तर चौदा! पनेट, खोक्याचा खर्च वेगळाच.

म्हणजे मशीनपेक्षा माल महत्त्वाचा. आणि घोडं तिथंच अडतं. नाताळात पर्यटक रस्त्यावरच चांगला भाव देतात, तेव्हा सेंटरकडे कोण येणार? मार्चमध्ये दर कोसळला की सगळेच येणार, आणि तेव्हा जागा पुरायची नाही. सभासदानं रोजचा ठरलेला माल द्यायचा, नाही दिला तरी भाडं भरायचं, हे आधी कागदावर हवं.

पावसाळ्यात खोली रिकामी, हप्ता मात्र चालूच. गाजर त्याच थंडीत चालतं. फरसबी ठेवली तर डाग पडून खराब होते, त्यामुळे 'बारा महिने भाजी ठेवू' हे प्रकल्प अहवालातलं वाक्य जरा तपासूनच घ्यावं.

गाडीचंही तसंच. थंड केलेलं फळ उघड्या टेम्पोत भरलं की त्यावर दव धरतं अन् बुरशी लवकर येते. रेफर व्हॅनचं भाडं धरल्याशिवाय हा हिशोब अर्धाच राहतो.