परका गुरुजी : कोरियातला आणि वेल्ह्यातला

शिक्षक हा मुळात थोडासा परकाच असतो. घराने दिलेल्या भाषेपलीकडची भाषा आणि गावाने दाखवलेल्या जगापलीकडचे जग मुलांसमोर ठेवणे हेच त्याचे काम असल्याने तो वर्गात काहीसा बाहेरचा राहणार, हे ओघानेच आले. प्रश्न एवढाच, की आपल्या ह्या परकेपणाचे तो काय करतो. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्याला नेमणारी व्यवस्था त्याच्याकडून कोणती अपेक्षा बाळगते. भोर आणि वेल्हे ह्या तालुक्यांतली मुले आमच्या वर्गात येतात. (२०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय घेतला, लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे.) पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या ह्या मुलांपैकी काहीजण अलीकडे परदेशात इंग्रजी शिकवण्याच्या नोकऱ्यांची चौकशी करतात आणि त्यात दक्षिण कोरियाचे नाव हमखास येते. त्या निमित्ताने कोरियातल्या परदेशी इंग्रजी शिक्षकाच्या आयुष्याचा आम्ही थोडा विचार केला, आणि तो विचार आम्हाला फिरवून आमच्याच डोंगरात घेऊन आला.

कोरियातल्या ह्या शिक्षकाचे दैनंदिन जीवन वरवर पाहता सुखाचे आहे. करार बहुधा एका वर्षाचा. राहायला एका खोलीचे घर नेमणारी संस्थाच देते. सरकारी शाळेत असेल तर आठवड्याला बावीसच्या आसपास तास, आणि वर्गात सोबतीला कोरियन सहशिक्षक. ‘हागवोन’ म्हणजे खाजगी शिकवणीच्या संस्थेत असेल तर दिवस दुपारी सुरू होतो आणि रात्री संपतो, कारण शाळा सुटल्यावर मुले तिथे येतात. सोल शहरात ह्या शिकवण्या रात्री दहानंतर चालवण्यास मनाई करावी लागली, एवढ्यावरून त्या स्पर्धेची कल्पना यावी. नोव्हेंबरात महाविद्यालयीन प्रवेशाची मोठी परीक्षा असते. तिच्यातला इंग्रजी श्रवणाचा भाग चालू असताना विमानांची उड्डाणे थांबवली जातात. ज्या भाषेसाठी आकाश शांत केले जाते, त्या भाषेचा हा शिक्षक. त्याला मान मिळणार नाही तर कुणाला?

पण हा मान कशाचा आहे, ते पाहिले पाहिजे. तिथे त्याला ‘वॉनोमिन’ शिक्षक म्हणतात. म्हणजे मूळ भाषेचा माणूस. त्याची पात्रता प्रथम त्याच्या जन्मात शोधली जाते. भाषाशिक्षकाचा व्हिसा ज्या देशांच्या नागरिकांना सर्वसाधारणपणे मिळतो ते देश सात : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. पदवी कोणत्याही विषयाची चालते. कोरियन भाषा येण्याची अट नसते. भारतासाठी १ जानेवारी २०१० पासून अमलात आलेल्या आर्थिक भागीदारी करारातून एक दार किलकिले झाले. पण त्या दारातून आत जाणारा भारतीय ‘साहाय्यक’ शिक्षक असतो, आणि त्याच्याकडे पदवीखेरीज इंग्रजी शिकवण्याचे प्रमाणपत्रही असावे लागते. म्हणजे ज्याने इंग्रजी कष्टाने शिकली त्याने ती शिकवण्याचा पुरावा द्यावा, आणि ज्याला ती पाळण्यात मिळाली त्याचे पारपत्रच पुरेसे! परभाषा शिकताना कुठे ठेच लागते हे खरे तर पहिल्यालाच ठाऊक असते. भाषाशिक्षणाचा अनुभव असलेल्या कुणालाही ही उलटी उतरंड खटकेल.

ह्या व्यवस्थेचा परिणाम त्या शिक्षकाच्या रोजच्या जगण्यावर होतो. कोरियन भाषेत समोरच्याचे वय आणि स्थान पाहून क्रियापदाचे रूप बदलते. आपल्या तू-तुम्ही-आपणहून ती रचना कितीतरी बारकाव्याची. ती ज्याला येत नाही तो शिक्षककक्षात बसूनही शिक्षककक्षाच्या बाहेर असतो. सहकाऱ्यांच्या जेवणाला त्याला आग्रहाने नेतात, पण पंगतीतला विनोद त्याच्यापर्यंत पोचत नाही. मुले त्याला पाहून हात हलवतात आणि पाठ केलेले वाक्य म्हणून पळतात. वर्ष संपते, करार संपतो, दुसरा ‘वॉनोमिन’ येतो. त्याला परका ठेवण्यातच व्यवस्थेची सोय आहे, कारण तो कोरियन होऊ लागला तर त्याचे मोल कमी होईल. पाहुण्याचा सन्मान आणि पाहुण्याचे एकाकीपण ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत.

एवढ्यावरून कोरियाला नावे ठेवणे मात्र अन्यायाचे होईल. त्या देशाने आपली भाषा जपानी राजवटीत (१९१० ते १९४५) जवळजवळ गमावली होती. १९४२ साली कोरियन भाषेचा कोश करणाऱ्या अभ्यासकांना अटक झाली. स्वातंत्र्यानंतर तिथे शिक्षणाचे माध्यम कोरियन राहिले. सरकारी योजनेतून परदेशी शिक्षक १९९५ पासून येऊ लागले आणि १९९७ पासून प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. पण विषय म्हणून. गणित, विज्ञान, इतिहास मूल आपल्या भाषेतच शिकते. कोरियाने इंग्रजीसाठी माणूस भाड्याने आणला, घर मात्र स्वतःच्या नावावर ठेवले. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले, ते विषय म्हणून योग्यच होते. परंतु त्यानंतर गावोगाव इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या आणि आपण विषयाबरोबर सगळे घरच देऊ लागलो, तेही घर चालवणारी माणसे तयार न करता.

ह्याच्या उलट असे एक उदाहरण आमच्याच पाण्याच्या वाटेवर आहे. भोरजवळच्या भाटघर धरणाचे पाणी निरेच्या उजव्या कालव्याने फलटणकडे जाते. त्या फलटणात १९६६ साली मॅक्सीन बर्नसन नावाची अमेरिकन बाई राहायला आली. १९६१ साली त्या भारतात आल्या तेव्हा हैदराबादेत इंग्रजीच शिकवत होत्या. म्हणजे आजच्या कोरियातल्या त्या शिक्षकाच्याच जागी होत्या. पण त्या मराठी शिकल्या, आणि नुसती बोलण्यापुरती नव्हे. फलटणच्या बोलीतले सामाजिक भेद हाच त्यांनी प्रबंधाचा विषय केला आणि १९७३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. जाई निंबकरांबरोबर त्यांनी अमराठी शिकणाऱ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके आणि व्याकरण लिहिले. पुढे भारतीय नागरिकत्व घेतले, प्रगत शिक्षण संस्था काढली, आणि १९८६ साली तिची कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली.

ह्यातले क्रमाचे महत्त्व आम्हाला फार वाटते. आधी त्यांनी गाव कसे बोलते ते ऐकले, मग गावातल्या मुलांना वाचायला शिकवले. इंग्रजी शिकवायला आलेली व्यक्ती मराठी वाचन शिकवण्याच्या कामात आयुष्य घालते, ह्याचा अर्थ तिने इंग्रजीला कमी लेखले असा नाही. ज्या मुलाला स्वतःच्या भाषेत वाचता येत नाही त्याला दुसरी भाषा उसनीसुद्धा घेता येत नाही, हे तिने ओळखले असा आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सांनीही इथल्या भाषेचे शिष्यत्व पत्करले, पण त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. बर्नसनबाईंनी पत्करलेल्या शिष्यत्वाचा हेतू शिक्षण हाच होता, म्हणून ते आपल्या विषयाच्या अधिक जवळचे.

आता डोंगरात येऊ. मराठी साहित्याला परका शिक्षक अपरिचित नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला (१९५५) राजाराम सौंदणीकर औंध संस्थानातल्या धनगरवस्तीवर मास्तर म्हणून जातो. तोही बाहेरचाच. गावाच्या नाना कामांत तो ओढला जातो, आणि गावाने त्याला स्वीकारल्यावरच शाळा ही गावाची गोष्ट होते. ही कादंबरी आपण वर्गात प्रादेशिकतेचा नमुना म्हणून शिकवतो. ती शिक्षकाच्या उमेदवारीची कादंबरी म्हणूनही शिकवली पाहिजे. मूळचे भोर हेही संस्थानच, १९४८ साली विलीन झालेले. आणि तोरण्याच्या, राजगडाच्या, रायरेश्वराच्या आसऱ्याने वसलेल्या वाड्यांवरच्या शाळा आजही बनगरवाडीपासून फार दूर नाहीत.

ह्या वाड्यांवर येणारा शिक्षक पुष्कळदा दुसऱ्या जिल्ह्यातला असतो. कुणी मराठवाड्यातला, कुणी खानदेशातला. वाडीत भाड्याची खोली मिळत नाही, स्वतःची मुले मोठ्या गावात शिकत असतात. म्हणून तो भोर, नसरापूर किंवा थेट पुण्याहून दुचाकीने येतो आणि पावसाळ्यात घाटरस्त्यावर जीव मुठीत धरून परततो. त्याने मुख्यालयी राहावे हा नियम कागदावर आहे. राहण्याजोगे घर कागदावरही नसते. कोरियातल्या शिक्षकाला निदान एक खोली मिळते. आमच्या गुरुजीला तीही नाही, आणि परकेपण मात्र तेवढेच. त्याचे हाल आम्ही हलके लेखत नाही. पण ह्या परकेपणाचा भार अखेर कुणावर पडतो?

तो पडतो मुलाच्या जिभेवर. मावळातले मूल शाळेत येते ते ‘पानी’, ‘व्हतं’, ‘न्हाई’ घेऊन. खाचर, राब, तरवा, इरलं असा भातशेतीचा सगळा कोश त्याच्या तोंडी असतो. राब कशासाठी भाजतात, तरवा कधी उपटायचा, हे ते सविस्तर सांगू शकते. शाळेत ह्या ज्ञानाला जागा नसते आणि उच्चारावर मात्र लाल शाई पडते. कातकरी वस्तीवरच्या मुलाची तर घरची बोलीच निराळी. त्याच्या दृष्टीने प्रमाण मराठी ही जवळपास परभाषा, आणि इंग्रजी ही तिच्यावरची दुसरी. अशी मुले दहा-बारा वर्षांनी आमच्याकडे मराठी विषय घेऊन येतात. वऱ्हांड्यात ती धबधब्यासारखी बोलतात आणि वर्गात गप्प होतात. आपले बोलणे ‘अशुद्ध’ आहे ही एकच गोष्ट त्यांना शाळेने पक्की शिकवलेली असते. म्हणजे आपल्याच भाषेच्या वर्गात मूल परके, आणि त्या भाषेचा ‘वॉनोमिन’ म्हणून आम्ही फळ्यापाशी उभे! कोरियातली उतरंड आणि आपली उतरंड ह्यांत फरक एवढाच, की तिथे परका पाहुणा असतो आणि इथे परके ठरते ते घरचे मूल.

ह्यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा, की बोलीचे कौतुक करणारे स्वतः प्रमाण भाषेच्या जोरावर नोकऱ्या मिळवून बसले आहेत. गरिबाच्या मुलाला बोलीत अडकवणे हा ढोंगीपणा आहे. आक्षेप खरा आहे, पण तो आमच्या म्हणण्यावर लागू होत नाही. प्रमाण मराठी शिकवलीच पाहिजे, उत्तम शिकवली पाहिजे. ती बोलीच्या शेजारी उभी करून शिकवायची, की बोलीच्या छातीवर, एवढाच वाद आहे. ‘व्हतं’ चूक आहे असे सांगणे वेगळे आणि ‘व्हतं’ घरचे, ‘होते’ लिखाणातले असे सांगणे वेगळे. दुसऱ्या वाक्याने मूल दोन भाषारूपांचे धनी होते. पहिल्याने ते एकाचेही राहत नाही.

दुसरा आक्षेप पालकांचा : आम्हाला इंग्रजी हवे. हवेच. शेत तोकडे, कारखान्यातली नोकरी कंत्राटी; अशा वेळी इंग्रजीकडे आशेने पाहणाऱ्या आईबापांना आम्ही कोणत्या तोंडाने उपदेश करणार? पण इंग्रजी शिकणे आणि न समजणाऱ्या इंग्रजीत सगळे शिकणे ह्यांतला भेद त्यांना समजावून सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. इंग्रजीचा एवढा ध्यास घेतलेल्या कोरियानेही हा भेद पुसला नाही, हे उदाहरण पालकसभेत सांगण्याजोगे आहे.

मग करायचे काय? धोरणे बदलणे आमच्या हाती नाही; मराठी विभाग आमच्या हाती आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आला आहे. त्यात पुस्तकांच्या याद्या उतरवून घेण्याऐवजी विद्यार्थ्याने आपल्या वाडीची शब्दसंपदा गोळा करावी : भाताच्या कामांची, अवजारांची, पावसाच्या प्रकारांची, नात्यांची. शब्द कुणाकडून ऐकला, कोणत्या वाक्यात ऐकला, हे नोंदवावे. अशा चार-पाच वर्षांच्या नोंदींतून त्या तालुक्यात नव्याने येणाऱ्या शिक्षकाच्या हाती देता येईल अशी एक लहानशी पुस्तिका सहज तयार होईल. परजिल्ह्यातून आलेल्या गुरुजीला पहिल्या महिन्यात ती मिळाली, तर ‘तरवा’ म्हणणाऱ्या मुलाला तो थांबवणार नाही. उलट विचारेल, अजून सांग. आणि आपला शब्द छापलेला पाहणाऱ्या मुलाला वाचनाचे कारण निराळे सांगावे लागणार नाही.

कोरियाला जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनाही आमचे सांगणे हेच आहे. अवश्य जावे. साहाय्यक म्हणून का होईना, शिकवावे आणि मिळवावे. मात्र पोचल्यावर आधी कोरियन शिकायला लागावे, कारण जो शिक्षक जिथे शिकवतो तिथे स्वतः विद्यार्थी होत नाही, तो तिथे नुसता पगारापुरता असतो. हा नियम सोलला लागू आहे, आणि तोरण्याच्या पायथ्याला तर त्याहून अधिक.