वर्ग बोलतो आहे, मास्तरांनी ऐकायचे कसे?

फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या मास्तरांना वर्ग चेहऱ्यांवरून कळतो. मागच्या बाकावरची कुजबुज, खाली गेलेल्या माना, ‘समजले का?’ या प्रश्नानंतरची ती ओळखीची शांतता. कोणता भाग पुन्हा शिकवायचा, हे एवढ्यावरून ठरते. वर्ग संगणकाच्या पडद्यावर गेला की चेहरे जातात आणि हाती उरतो नुसता मजकूर. तोही थोडाथोडका नव्हे. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेत प्रा. अशोक गोयल कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक विषय ऑनलाइन शिकवीत. एका सत्राला विद्यार्थी सुमारे ३०० आणि चर्चाफलकावर त्यांनी लिहिलेले निरोप जवळपास १० हजार! हे सारे वाचायचे कोणी आणि केव्हा?

गोयल यांनी २०१६ साली ‘जिल वॉटसन’ ही आज्ञावली त्या फलकावर आणली. नेहमीच्या ठरावीक प्रश्नांना ती उत्तरे देई, आणि ती माणूस नव्हे हे विद्यार्थ्यांना सत्र संपत आल्यावर कळले. गाजली ती ही गंमत. आम्हाला मात्र दुसरे, कमी गाजलेले काम अधिक मोलाचे वाटते. यंत्राने उत्तर देऊ नये. ‘मास्तर, जरा इकडे पाहा’ एवढेच सांगावे.

हे काम अशक्य नाही, आणि त्यात जादूही नाही. केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली एक साधा विचार मांडला होता. जो शब्द सगळ्याच कागदांत आढळतो तो फारसे काही सांगत नाही. मोजक्याच कागदांत येणाऱ्या शब्दाला वजन अधिक. चर्चेच्या ढिगाऱ्याला हाच तराजू लावला आणि एखाद्या आठवड्यात ‘रिकर्शन’ हा शब्द एकाएकी दाटीने दिसू लागला, की गाडी कुठे अडली ते मास्तरांना रात्र न जागवता कळते. तीनशे चेहऱ्यांच्या बदल्यात एवढे मिळाले तरी पुष्कळ झाले.

घोटाळा होतो तो यंत्र मन ओळखू पाहते तेव्हा. चांगल्या-वाईट शब्दांच्या याद्या करून मजकुराचा ‘मूड’ काढण्याची एक सोपी पद्धत आहे. संख्याशास्त्राच्या वर्गात ‘एरर’, ‘निगेटिव्ह’, ‘प्रॉब्लेम’ हे रोजचे शब्द. यादीच्या हिशेबाने तो सारा वर्ग दुःखी ठरतो. मग आपली पोरे तर बोलायलाच नकोत. ‘सगळं डोक्यावरून गेलं’ यात वाईट शब्द एकही नाही. ‘वा, छान समजलं हं!’ यात तर दोन चांगले आहेत. त्यातून हे मराठी लिहायचे रोमन लिपीत, ज्याला जसे सुचेल त्या स्पेलिंगने, अर्धे इंग्रजी मिसळून. आजची मोठी भाषा-प्रारूपे शब्दांच्या याद्यांपेक्षा पुष्कळ शहाणी आहेत हे खरे, पण टोमणा ओळखायला टोमणा मारणाऱ्याची थोडी ओळख लागते.

आणि जो लिहीतच नाही, त्याचे काय? ऑनलाइन वर्गात मोठा गट फक्त वाचणाऱ्यांचा असतो. कोणाला सगळे येते, कोणाला इंग्रजीत लिहायची लाज वाटते, कोणाचा फोन घरात तिघांत मिळून एक असतो. मजकूर मोजणाऱ्या यंत्राच्या लेखी ही सगळी मुले सारखीच, म्हणजे शून्य. या शून्याला उद्या कोणी ‘सहभागाचे गुण’ जोडले की लाजणारा मुलगा नापास, आणि ‘मी सहमत आहे’ असे दहा वेळा लिहिणारा हुशार! मोजदाद होते हे कळल्यावर मुले मोजदादीसाठीच लिहितील. परीक्षार्थी कसे घडवावेत, हे आपल्याला नव्याने शिकण्याची गरज नाही.

म्हणून ही यादी मास्तरांच्या टेबलावर थांबावी, प्राचार्यांच्या कपाटात जाऊ नये, असे आमचे मत आहे. वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई करतो; शिक्षणसंस्थांना मात्र नियमांनी शैक्षणिक कामापुरती सूट दिली आहे. महाविद्यालयातील मुलांना तर वयामुळे ते कलम बहुधा लागूच होत नाही. तेव्हा चर्चेचा हिशेब कोण पाहणार, किती दिवस ठेवणार आणि गुणपत्रिकेशी त्याचा संबंध असणार की नाही, हे विद्यापीठांनी सत्र सुरू होण्यापूर्वी मुलांना लेखी कळवावे. तेही त्यांना समजेल अशा मराठीत.