फ्लॅट खपत नाही? वास्तुतज्ज्ञाला कशाला बोलावता!

आमच्या इमारतीतला एक फ्लॅट दीड वर्ष पडून आहे. मालकांनी रंग दिला, दाराची दिशासुद्धा बदलली! अहो, पुण्यात गिऱ्हाईक कर्ज काढूनच घर घेणार ना? मग बँकेचा वकील आधी कागद मागणार: पहिल्या मालकापासूनचे सगळे करारनामे, इंडेक्स टू, भोगवटा पत्र. मधला एक करार गहाळ, की कर्ज अडलं आणि सौदा बोंबलला. तेव्हा जाहिरातीआधी रजिस्ट्रार ऑफिसातून त्याची सर्टिफाइड कॉपी काढा राव.

आणि सोसायटी ट्रान्स्फरसाठी लाखभर मागत असेल तर भांडा. २००१ च्या सरकारी परिपत्रकाप्रमाणे महापालिका हद्दीत प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० रुपये. वर ‘ऐच्छिक देणगी’ म्हणे! दिल्याशिवाय एनओसी मिळत नाही, मग ऐच्छिक कसली डोंबलाची?